शेजाऱ्यांचे कारभारी



घराला भिंती असतात, म्हणून घर कोणाचें हा प्रश्न सहज सुटतो. परंतु जिना, विहीर, गच्ची, सांडपाण्याची मोरी आणि रात्रीचा पहारा हीं कोणाचीं, हा प्रश्न भिंती सोडवीत नाहींत. ज्या दिवशीं पांचपन्नास कुटुंबें एका आवारांत राहूं लागलीं, त्या दिवशीं या सामाईक गोष्टींसाठीं कारभारी नेमण्याची गरज उत्पन्न झाली. आणि कारभारी नेमावयाचा म्हटला कीं तो कोणीं नेमावा, कोणांतून नेमावा आणि किती दिवसांसाठीं नेमावा, हे तीन प्रश्न पाठोपाठ आलेच. आज ज्यांना आपण सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणतों, त्यांच्या व्यवस्थापक समित्यांची निवडणूक म्हणजे या तीन प्रश्नांना गेल्या शंभराहून अधिक वर्षांत मिळत गेलेलें उत्तर होय. त्या उत्तराचा इतिहास थोडक्यांत सांगावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

विषय ऐकून कोणी म्हणेल, देशाच्या निवडणुकांपुढें या इमारतींच्या निवडणुकांची काय मातब्बरी? आक्षेप वरवर पाहतां बरोबर आहे. परंतु विधानसभेच्या निवडणुकींत ज्याला आपण मत दिलें नाहीं, तो मनुष्य दुसऱ्या दिवशीं सकाळीं जिन्यांत भेटत नाहीं. गृहसंस्थेंत तो भेटतो. जिंकणारा आणि हरणारा यांच्यामध्यें एकच भिंत असते. त्यांचीं मुलें एकाच आवारांत खेळतात. एकाच्या स्वयंपाकघरांतील पाणी दुसऱ्याच्या छतांतून ठिबकतें. म्हणून येथील खरी अडचण मतें मोजण्याची नसून नांव सुचविण्याची असते. शेजाऱ्याविरुद्ध उभें राहणें अनेकांस अप्रशस्त वाटतें, आणि शेजाऱ्याचें नांव सुचविणें म्हणजे त्याच्या गळ्यांत लोढणें अडकविणें, असेंहि कित्येकांस वाटतें. या दोन संकोचांमध्यें गृहसंस्थेचें स्वराज्य अडकून पडतें. माझें आजचें मुख्य विधान हेंच आहे, कीं गृहसंस्थांच्या निवडणुकीचा इतिहास हा मतपेटीचा इतिहास नसून उमेदवारीचा इतिहास आहे.

हा विचार आपल्या वऱ्हाडाला नवीन नाहीं. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यांत, गुरुकुंज मोझरी हें स्थान आहे. यावलीस १९०९ सालीं जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनीं तेथें १९३५ सालीं आश्रम स्थापिला, आणि १९६८ सालीं त्यांचा देह तेथेंच पडला. १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रामगीतेंत गांवच्या स्वच्छतेपासून सहकारापर्यंत खेड्याच्या जीवनाचीं बहुतेक सर्व अंगें आलीं आहेत, आणि त्यांत मताचा विचारहि आहे. मत हें विकाऊ नाहीं, आणि तें देण्यापूर्वीं उमेदवाराची सेवा व चारित्र्य हीं पारखावीं, असा त्यांचा रोख आहे. हें सांगणें खेड्यासाठीं होतें. परंतु त्यांतील मर्म असें, कीं चांगली निवड ही मतदानाच्या क्षणीं होत नसून त्याच्या पुष्कळ आधीं, माणसें पारखण्याच्या काळांत होते. शहरांतील गृहसंस्थेला तर तें अधिकच लागू आहे. कारण तेथें पारखावयाचा मनुष्य रोज डोळ्यांसमोर असतो.

जुन्या काळीं वऱ्हाडांत असा कारभारी निवडण्याचा प्रसंग फारसा येत नसे. गांवची पाटीलकी वंशपरंपरेनें चाले. शहरांतील वाड्यांत वडील माणूस कर्ता असे; विहिरीवर पाणी कोणीं केव्हां भरावें, चौकांतील वाळवणें कोठें घालावींत, पडकी भिंत कोणाच्या खर्चानें उभारावी, हें त्याच्या शब्दानें ठरे. तंटा विकोपास गेला तर पंच बसत. आतां पंच या शब्दांत पांच ही संख्या आहे, निवडणूक नाहीं. पंचांना कोणीं निवडून दिलेलें नसे. लोक त्यांना मानीत, म्हणून ते पंच होत. या व्यवस्थेंत एक मोठा गुण होता: कारभाऱ्याला शोधावें लागत नसे. आणि दोषहि तेवढाच मोठा होता: ज्यांना कोणी मानीत नसे, त्यांना, म्हणजे स्त्रियांना, अस्पृश्य मानलेल्यांना आणि भाडेकऱ्यांना, या कारभारांत तोंडच नव्हतें.

परंतु आपल्या देशांत कारभारी निवडण्याची रीत मुळींच नव्हती, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. तामिळ देशांत कांचीपुरमजवळ उत्तिरमेरूर नांवाचें गांव आहे. तेथील देवळाच्या भिंतींवर पहिला परांतक चोल याच्या कारकीर्दींतील, इ. स. ९१९ व ९२१ या सुमाराचे, दोन शिलालेख आहेत. गांवच्या सभेच्या समित्या कशा नेमाव्यात, याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. गांवाचे तीस भाग पाडलेले होते. प्रत्येक भागांतून पात्र माणसांचीं नांवें ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घागरींत टाकीत, आणि एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढवीत. ही झाली सोडत. परंतु विशेष लक्ष देण्याजोगी गोष्ट सोडतीच्या आधींची आहे. चिठ्ठीवर नांव कोणाचें यावें? ज्याची सारा भरणारी जमीन आहे, जो स्वतःच्या जागेवर बांधलेल्या स्वतःच्या घरांत राहतो, ज्याचें वय पस्तीस ते सत्तर यांच्या दरम्यान आहे, त्याचें. ज्यानें पूर्वीं समितींत काम करून हिशेब दिला नाहीं, त्याचें नांव येणार नाहीं, आणि त्याच्या जवळच्या नातलगांचेंहि येणार नाहीं. गेल्या तीन वर्षांत जो समितींत होता, त्यालाहि वगळावें. ही सभा ब्राह्मणांच्या वसाहतीची होती, तींत सर्व गांवकऱ्यांना स्थान नव्हतें, हें विसरून चालणार नाहीं. तरीहि अकराशें वर्षांपूर्वींच्या त्या घरमालकांना एक गोष्ट पक्की कळलेली होती: घागरींतून चिठ्ठी कोणाचीहि निघो, घागरींत काय टाकलें आहे, त्यावरच सर्व कांहीं अवलंबून आहे.

आजच्या गृहसंस्थेचा वंशवृक्ष मात्र उत्तिरमेरूरकडून येत नाहीं. तो इंग्लंडांतील रॉचडेल गांवाकडून येतो. १८४४ सालच्या डिसेंबरांत तेथील अठ्ठावीस जणांनीं मिळून एक सहकारी दुकान उघडलें. या मंडळींत विणकर होते, इतर कारागीरहि होते. कोणाचें भांडवल अधिक असो वा उणें असो, प्रत्येक सभासदाला एकच मत, हें तत्त्व त्यांनीं रूढ केलें. कंपनींत मत भागाला असतें. सहकारी संस्थेंत तें माणसाला असतें. हिंदुस्थानांत १९०४ च्या कायद्यानें सहकार आला, पण तो कर्ज देणाऱ्या पतपेढ्यांपुरता. १९१२ च्या कायद्यानें इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाहि वाट मोकळी करून दिली. घरांसाठीं सहकार, ही कल्पना या दुसऱ्या कायद्यामुळें शक्य झाली.

तिची गरज मुंबईला सर्वांत अधिक होती. १८९६ सालीं तेथें प्लेग आला. दाटीच्या, अंधाऱ्या चाळींत तो वणव्यासारखा पसरला. शहर सुधारण्यासाठीं १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुनीं घरें पाडलीं गेलीं, नवे रस्ते निघाले. पण मध्यम स्थितींतील कारकुनानें, शिक्षकानें राहावें कोठें, हा प्रश्न तसाच राहिला. कानडा जिल्ह्यांतून मुंबईस आलेल्या चित्रापूर सारस्वत कुटुंबांपुढें तो विशेष तीव्रतेनें उभा होता. त्यांच्यांतील एक गृहस्थ, रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी, यांनीं १९०६ सालीं आपले गुरु शामराव विठ्ठल यांच्या नांवानें पतपेढी काढली होती. तीच पुढें बँक झाली. १९१३ सालीं मुंबईंत सहकारी गृहरचनेच्या प्रसारासाठीं एक मंडळ निघालें, आणि १९१५ सालीं तालमकींच्या पुढाकारानें गांवदेवींत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेची नोंदणी झाली. देशांतील अगदीं आरंभींच्या गृहसंस्थांपैकीं ही एक होय. इमारती संस्थेच्या, आणि राहणारा सभासद एकाच वेळीं संस्थेचा भागीदारहि व भाडेकरूहि. म्हणून या प्रकाराला भाडेकरू-सहभागीदारी असें लांबलचक नांव पडलें.

अशा संस्थेंत कारभारी निवडणें तुलनेनें सोपें होतें, आणि त्याचें कारण नियमांत नव्हतें. सभासद एका ज्ञातीचे, बहुतेक एका भाषेचे. एकमेकांच्या लग्नकार्यांत, नोकरीधंद्यांत, पतपेढींत त्यांचा नित्य संबंध. कोण हिशेबाला चोख आहे, कोण बोलतो फार आणि करतो थोडें, हें सभेला येण्यापूर्वींच सर्वांस ठाऊक असे. उमेदवाराची पारख संस्थेच्या बाहेर आधींच होऊन गेलेली असे. परंतु या सोयीची किंमतहि होती. ओळखीवर उभारलेल्या संस्थेचें दार ओळखीच्यांनाच उघडतें. पुढें अनेक ज्ञातींनीं व धर्मसमाजांनीं अशाच संस्था काढल्या. अहमदाबादेच्या पारशी गृहसंस्थेच्या खटल्यांत सभासदत्व आपल्याच समाजापुरतें ठेवण्याचा उपविधि सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं वैध ठरविला. अमेरिकेंत याच प्रश्नानें वेगळें रूप घेतलें होतें. तेथील घरमालकांच्या वसाहतींत काळ्या लोकांना घर विकूं नये, असे करार सर्रास होत. असे करार न्यायालयांनीं अंमलांत आणूं नयेत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं दिला. सांगावयाचा मुद्दा असा, कीं उमेदवारीचें पहिलें दार म्हणजे सभासदत्व. जो सभासदच होऊं शकत नाहीं, त्याचें नांव सुचविण्याचा प्रश्नच उरत नाहीं.

मुंबई इलाख्याचा स्वतंत्र सहकारी कायदा १९२५ सालीं झाला. वऱ्हाड त्या वेळीं मध्यप्रांताशीं जोडलेला होता. १९५६ सालच्या नोव्हेंबरांत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला, आणि १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अंमलांत आला. त्या दिवसापासून गांवदेवींतील इमारतीला आणि अमरावती-अकोल्यांतील वसाहतीला एकच कायदा लागू झाला. आपल्याकडील जुन्या वसाहतींची घडण मात्र मुंबईहून निराळी. संस्थेनें जमीन घ्यावी, भूखंड पाडावे, आणि सभासदानें आपापल्या भूखंडावर आपलें घर बांधावें, हा प्रकार येथें अधिक. त्याला भाडेकरू-मालकी म्हणतात. अशा वसाहतींत सामाईक तें थोडें: रस्ता, दिवे, मोकळें मैदान. त्यामुळें कारभाऱ्याची आठवण लोकांना क्वचितच होई. रस्ता उखडला किंवा मैदानावर कोणाचें कुंपण सरकलें, कीं मगच होई.

यानंतर एक मोठा पालट झाला. १९६३ च्या कायद्यानें बिल्डरानें विकलेल्या मालकीच्या गाळ्यांचा व्यवहार नियमांखालीं आणला, आणि खरेदीदारांची संस्था स्थापन करून देण्याचें बंधन बिल्डरावर घातलें. पूर्वीं ओळखीचीं माणसें एकत्र येऊन संस्था काढीत आणि मग इमारत उभी राही. आतां इमारत आधीं उभी राहूं लागली. तींत अनोळखी माणसें येऊन राहूं लागलीं. आणि मग त्यांना सांगण्यांत आलें, कीं तुम्हीं आतां संस्था व्हा. तळमजल्याच्या माणसाला चौथ्या मजल्यावरच्या माणसाचें नांवहि ठाऊक नसे, मग पारख कशाची? उमेदवारीची अडचण खऱ्या अर्थानें येथें सुरू झाली.

आरंभींची पद्धत सभेची होती. वार्षिक सभेंत एकानें नांव सुचवावें, दुसऱ्यानें अनुमोदन द्यावें, आणि इतरांनीं हात वर करावेत. घरगुती कारभाराला ती शोभत असे. पण तिच्यांत दोन उणिवा होत्या. पहिली ही, कीं सभा बोलावणारी, सभासदांची यादी करणारी आणि हात मोजणारी समिति तीच, जिच्या जागा भरावयाच्या होत्या. परीक्षा देणाऱ्यानेंच पेपर तपासण्यासारखें तें होतें. दुसरी उणीव संकोचाची. अध्यक्ष समोर बसलेले असतांना त्यांच्याविरुद्ध हात वर करणें सोपें नाहीं. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया वसाहतीनें १८५६ सालीं गुप्त मतपत्रिका काढली आणि इंग्लंडनें ती १८७२ सालीं स्वीकारली. जमीनदाराच्या भीतीपासून कुळाला वांचविणें, हा तिचा एक मोठा हेतु होता. गृहसंस्थेंत जमीनदार नसतो; पण शेजारधर्माची भीड त्याच्याहून कमी दांडगी नसते.

या उणिवा सहकाराच्या सर्वच क्षेत्रांत होत्या, आणि साखर कारखाने व बँका यांत तर त्या विकोपास गेल्या होत्या. मुदत संपूनहि वर्षानुवर्षें निवडणूक न घेणाऱ्या समित्या ठिकठिकाणीं होत्या. म्हणून ९७ वी घटनादुरुस्ती झाली. ती १५ फेब्रुवारी २०१२ रोजीं अंमलांत आली. समितीवर एकवीसाहून अधिक संचालक नकोत, मुदत पांच वर्षांची असावी, दोन जागा स्त्रियांना आणि एक अनुसूचित जाति-जमातींना राखावी, आणि निवडणूक स्वतंत्र प्राधिकरणानें घ्यावी, असें तिनें सांगितलें. महाराष्ट्रानें २०१३ सालीं आपला कायदा त्याप्रमाणें बदलला, राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण नेमलें, आणि २०१४ सालीं निवडणुकीचे सविस्तर नियम केले. राज्यांतील संस्थांपुरता या घटनादुरुस्तीचा भाग सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२१ मध्यें रद्द ठरविला, कारण तिला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमति घेतलेली नव्हती. परंतु महाराष्ट्रानें केलेला कायदा हा राज्याचा स्वतःचा असल्यानें तो कायम राहिला.

या नियमांचा क्रम ऐकण्यासारखा आहे, कारण त्यांत जुन्या सभेची प्रत्येक उणीव ओळखून तिच्यावर उपाय योजलेला दिसतो. प्रथम मतदारांची कच्ची यादी लागते. तीवर हरकती घेतां येतात. मग पक्की यादी होते. नंतर उमेदवारी अर्ज भरावयाचे. अर्जावर सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या लागतात. त्यानंतर छाननी होते. नंतर अर्ज मागें घेण्यास अवधि मिळतो. उरलेले अर्ज जागांइतकेच किंवा कमी असतील, तर ते उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचें जाहीर होतें. अधिक असतील तरच गुप्त मतदान. निवडून आलेली समिति आपल्या पहिल्या बैठकींत आपल्यांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडते. म्हणजे सभासद अध्यक्षाला सरळ निवडीत नाहींत. मत स्वतः येऊन द्यावें लागतें, मुखत्यारामार्फत नाहीं. आणि रॉचडेलचें तें जुनें तत्त्व, एका सभासदाला एकच मत, कायद्यांत जसेंच्या तसें आहे. २०१४ च्या आदर्श उपविधींत शंभरपर्यंत सभासदांच्या संस्थेला अकरा जणांची समिति सांगितली आहे. त्यांत सहा जागा सर्वसाधारण आणि पांच राखीव आहेत.

आतां या क्रमांत निवडणूक नेमकी कोठें होते, तें पाहा. मतदान हा शेवटचा टप्पा, आणि पुष्कळ संस्थांत तो येतच नाहीं. अकरा जागांसाठीं अकरा अर्ज, किंवा सातच अर्ज, हें चित्र ज्यानें गृहसंस्थेंत कांहीं वर्षें काढलीं आहेत त्याला नवें नाहीं. म्हणजे संस्थेचे कारभारी ठरतात ते अर्ज भरण्याच्या दिवशीं. पुष्कळदां त्याच्याहि आधीं, जिन्यांत उभ्यानें झालेल्या दोन-चार संभाषणांत.

अर्ज कोण भरूं शकतो, हेंहि पाहिलें पाहिजे. थकबाकीदाराला उभें राहतां येत नाहीं. लेखी मागणी होऊन तीन महिन्यांत ज्यानें संस्थेचें देणें दिलें नाहीं, तो अपात्र. उत्तिरमेरूरच्या हिशेब न देणाऱ्याचाच हा दूरचा भाऊबंद म्हणावयाचा. नियम योग्य आहे, पण तो दुधारी आहे. मागणीची नोटीस कोणाला केव्हां द्यावयाची, हें त्या वेळची समितीच ठरवीत असते. स्त्रियांची गोष्ट आणखी विचार करण्याजोगी आहे. दोन जागा राखीव आहेत. पण भागपत्रावर नांव बहुधा पतीचें असतें. ज्या घराचा कारभार ती स्त्री वर्षानुवर्षें चालविते, त्या घराची सभासद ती नसते. सहयोगी सभासद म्हणून तिचें नांव असलें, तर मूळ सभासदाच्या लेखी संमतीनें तिला उभें राहतां येई. म्हणजे राखीव जागेकडे जाणारी वाटहि पुनः पतीच्या सहीवरून गेली. घर घेतांनाच दोघांचीं नांवें घालण्याची रीत जसजशी वाढेल, तसतशी ही जागा खऱ्या अर्थानें भरेल. शेवटीं जबाबदारीचा प्रश्न. समितीच्या निर्णयांबद्दल तिचे सर्व सदस्य एकत्रितपणें आणि व्यक्तिशः जबाबदार असतात, आणि तशा बंधपत्राचा 'एम-२०' हा नमुना गृहसंस्थांच्या परिचयाचा आहे. पगार नाहीं, मान थोडा, तक्रारी पुष्कळ आणि वर बंधपत्र. मग सज्जन माणूस मागें सरला, तर त्याला दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

या ठिकाणीं दुसऱ्या एका वाटेचा उल्लेख केला पाहिजे. १९७० सालीं महाराष्ट्रांत अपार्टमेंट मालकीचा निराळा कायदा झाला. त्याप्रमाणें संस्था नसून गाळेधारकांचा संघ असतो, आणि मताचें वजन प्रत्येकाच्या सामाईक मालमत्तेंतील टक्केवारीनें ठरतें. मोठ्या गाळ्याला मोठें मत. अमेरिकेंतील घरमालक संघांतहि मत बहुधा भूखंडाला किंवा घराला असतें, माणसाला नाहीं. आणि वसाहत पूर्ण विकली जाईपर्यंत न विकलेल्या जागांमागें एकाऐवजीं तीन मतें बिल्डर स्वतःकडे ठेवतो, अशीहि रीत तेथें आहे. तेथें पुष्कळ संघांत उमेदवार शोधण्यासाठीं एक स्वतंत्र नामनिर्देशन समिति असते. माणसाला मत कीं मालमत्तेला मत, या वादांत माझा कौल रॉचडेलच्या बाजूला आहे. कारण पाण्याची टंचाई लहान गाळ्यांतल्या माणसाला मोठ्या गाळ्यांतल्या माणसाइतकीच जाणवते. परंतु उमेदवार शोधणें हें कोणाचें तरी नेमून दिलेलें काम असावें, ही अमेरिकन कल्पना मात्र घेण्यासारखी आहे. तें काम मावळत्या समितीच्या हातीं राहूं नये, एवढी काळजी घेतली म्हणजे झालें.

आणि आतां तसें करण्यास वावहि मिळाला आहे. लहान-लहान इमारतींसाठीं बाहेरून अधिकारी आणणें, त्याचा खर्च सोसणें आणि त्याची वाट पाहणें जाचक होऊं लागलें. म्हणून २०१९ च्या दुरुस्तीनें गृहसंस्थांसाठीं कायद्यांत स्वतंत्र प्रकरण घातलें, आणि अडीचशेंपर्यंत सभासद असलेल्या संस्थांना आपली निवडणूक आपण घेण्याची मोकळीक आली. जो स्वतः उमेदवार नाहीं, असा सभासदहि आतां निवडणूक-निर्णय अधिकाऱ्याचें काम करूं शकतो. मध्यंतरीं २०२० सालच्या महासाथीमुळें सहकारी निवडणुका वरचेवर पुढें गेल्या, आणि अनेक समित्या मुदत संपूनहि बसून राहिल्या. तें संकट सरलें. शेजाऱ्यांकडून काढून घेतलेला अधिकार त्यांच्याकडे पुष्कळ अंशीं परत आला आहे.

परत आलेल्या या अधिकाराचें काय करावयाचें? येथें बिनविरोध या शब्दाचा नीट विचार केला पाहिजे. आपल्या समाजांत या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे. भांडण झालें नाहीं, मतपेटी आणावी लागली नाहीं, सर्व कांहीं गोडीगुलाबीनें पार पडलें, असा त्याचा अर्थ आपण घेतों. पण बिनविरोध दोन प्रकारचें असतें. सर्वांनीं बसून, नांवें चर्चून, अधिक योग्य कोण हें पाहून इतरांनीं आनंदानें माघार घेतली, तर तें एकमत होय, आणि त्याचा अभिमान बाळगावा. परंतु कोणी विचारलेंच नाहीं, कोणी पुढें आलेंच नाहीं, आणि दहा वर्षें बसलेले तेच चौघे पुनः बसले, तर तें एकमत नव्हे. तें मौन होय. कागदावर दोहोंची नोंद एकाच शब्दानें होते, हीच खरी फसगत आहे. आणि मौन फार लांबलें, समितीच बनेनाशी झाली, तर कायद्यानें निबंधकाला प्रशासक नेमण्याचा अधिकार दिलेला आहे. मग जिन्यांतील दिवा बदलण्याची सहीहि बाहेरच्या माणसाची लागते. घरमालकांनीं आपल्या हातांनीं आपलें स्वराज्य सोडून दिल्याचें याहून स्पष्ट चित्र कोणतें?

यावर उपाय अवघड नाहींत, आणि त्यांस कायदा बदलावा लागत नाहीं. निवडणुकीपूर्वीं पुरेसे दिवस आधीं वर्षाचा हिशेब प्रत्येक घरीं पोंचावा, म्हणजे उभें राहूं इच्छिणाऱ्यास आपण काय स्वीकारीत आहों, हें कळेल. उभें न राहणाऱ्या दोघा-तिघांनीं घरोघर जाऊन, विशेषतः स्त्रियांना आणि नव्यानें राहावयास आलेल्यांना, तुम्हीं याल काय, असें स्पष्ट विचारावें. कारण आपल्याकडे पुष्कळ माणसें स्वतःहून पुढें येत नाहींत, पण विचारलें तर नाहीं म्हणत नाहींत. थकबाकीची नोटीस सर्वांना एकाच दिवशीं जावी. जो सलग बसला आहे, त्यानें कांहीं काळ स्वखुशीनें बाजूला व्हावें. उत्तिरमेरूरकरांनीं त्यासाठीं तीन वर्षें ठरविलीं होतीं. आणि जो पडेल, त्याला दुसऱ्या दिवशीं जिन्यांत हांक मारून कोणतें तरी काम द्यावें. हें शेवटचें सर्वांत महत्त्वाचें आहे. हरलेल्याला मान मिळतो, एवढें एकदां दिसलें, म्हणजे पुढच्या वेळीं उभें राहणाऱ्यांची वाण पडत नाहीं.

गांवदेवींतल्या जुन्या मंडळींना एकमेकांची ओळख घरबसल्या मिळाली होती. आपल्याला ती मिळवावी लागते. कायद्यानें यादी दिली, छाननी दिली, गुप्त मतपत्रिका दिली. अर्जावर लिहावयाचें नांव मात्र तो देऊं शकत नाहीं. तें शेजाऱ्यानें शेजाऱ्याला विचारूनच मिळावयाचें. मोझरीच्या त्या संतानें खेड्याला सांगितलेली पारख शहरांतील इमारतींत करावयाची ती येथें, अर्जाच्या आधीं. आपल्या संस्थेची मुदत केव्हां संपते, एवढें तरी आज रात्रीं आपापल्या घरीं आठवून पाहावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.